विजया परिवार आणि मंदीवाले

भोकरदनच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो. गणिताच्या मास्तरला दुपारनंतर काही उद्योग नसतो असा आमच्या मुख्याध्यापकांचा समज असल्यानं शाळेचा व्यसनमुक्ती कक्षही माझ्याकडेच आहे. कक्ष म्हणजे एक लोखंडी कपाट आणि एक फलक. वर्षातून दोनदा मैदानावर पोरं उभी करायची, उजवा हात पुढे करायला लावायचा आणि माइकवरून शपथ सांगायची. ‘मी तंबाखू, गुटखा, दारू, गांजा यांना कधीही स्पर्श करणार नाही.’ पोरं बेंबीच्या देठापासून म्हणतात. ‘गांजा’ शब्दाला मागच्या रांगेत हमखास हसू फुटतं आणि मी तिकडे डोळे वटारून बघतो.

त्या वर्षी मी तिकडे बघितलं नाही. आदल्याच संध्याकाळी मी गांजाच्या कंपनीचे तीनशे शेअर घेतले होते.

हे झालं माझ्या मेव्हण्यामुळे, म्हणजे तसं मी पुढं बरेच दिवस सांगत होतो. बायकोचा धाकटा भाऊ कॅनडात नोकरीला आहे. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, “दाजी, इथं गांजाची दुकानं आपल्या मेडिकलसारखी आहेत. आत काउंटर, पांढरे दिवे, वर पावती पण देतात.” त्यानं ते नवल म्हणून सांगितलं. मी ते टिप म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरसाहेब आयुर्वेदाचे. पेशंट कमी आणि खुर्च्या जास्त, त्यामुळे संध्याकाळी तिथं बैठक भरायची. शेजारीच खताबियाणांचं दुकान चालवणारे शेठ चहा सांगून यायचे. मी कॅनडाची हकीकत सांगितली तशी डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला.

“सर, तुम्ही ज्याला गांजा म्हणता त्याला आमच्या शास्त्रात विजया म्हणतात. विजया! औषध आहे ते. अमेरिका आता शिकायला लागली.”

“औषध असंल तर मागणी राहणारच,” शेठ म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य मागणी आणि पुरवठ्यात गेलेलं.

परदेशी शेअर घरबसल्या घेऊन देणारं एक अ‍ॅप डॉक्टरसाहेबांकडे आधीच होतं. पॅन कार्ड, बँकेचा एक फॉर्म, दोन-तीन ओटीपी, आणि आठवडाभरात आम्ही तिघं एका कॅनेडियन कंपनीचे अंशतः मालक झालो. कंपनीची बारा एकरांची पॉलीहाऊसं होती म्हणे. अ‍ॅपवरच्या फोटोत हिरवीगार झाडं आणि पांढऱ्या कोटातली माणसं दिसायची. डॉक्टरसाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि नाव दिलं ‘विजया परिवार’. प्रोफाइलला तुळशीचा फोटो लावला. कुणाच्या घरच्यांनी बघितलंच तर दूध संघ किंवा सत्संग वाटावं.

कंपनी कॅनडाची, पण तिचे शेअर अमेरिकेच्या बाजारात, आणि तो बाजार आपल्याकडे दिवेलागणीला उघडतो. पंधरा-वीस दिवस आम्ही रोज त्या वेळी दवाखान्यात जमलो आणि भाव चढताना बघितला. शेठ तर म्हणाले, कापसाच्या बियाण्यात आयुष्य फुकट घालवलं. मग भाव उतरायला लागला. आधी थोडा, मग बराच, आणि मग रोज.

कंपनीत खोट असेल अशी शंका तिघांपैकी कुणालाही आली नाही. आपण घेतलेल्या वस्तूत खोट नसतेच. खोट शोधायला डॉक्टरसाहेब दोन दिवस यूट्यूबवर बसले आणि तिसऱ्या दिवशी शत्रूचं नाव घेऊन आले.

“मंदीवाले! अमेरिकेतले मोठमोठे मंदीवाले आपल्या कंपनीवर तुटून पडलेत. त्यांच्याकडे शेअर नाहीत, तरी ते विकताहेत.”

“नसलेली वस्तू विकतेत कशी?” शेठनी विचारलं.

डॉक्टरसाहेब समजावू लागले. उसने शेअर, दलाल, करार. मी गणिताचा माणूस, पण मलाही ते नीट कळेना. त्या वेळी बाकावर एक माणूस गुडघ्याला तेल चोळून घेऊन बसलेला होता. वय साठीचं, डोक्याला लाल पटका, पायात जाड वहाणा. राजूरच्या अलीकडे वस्तीवर राहायचे, थोडी शेती आणि पाऊणशे मेंढरं. बाजारात मेंढरांचा सौदा त्यांच्या शब्दावर व्हायचा. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते इतका वेळ नुसतं ऐकत होते.

“म्हंजे असं का डॉक्टरसाहेब,” मामा म्हणाले, “की आज बाजारात मेंढीला भाव हाये अन् माझ्याकडं मेंढी न्हाई. मंग मी सोयऱ्याची मेंढी महिनाभर सांभाळतो म्हणून आणली अन् बाजारात इकून टाकली. मंग गावभर बोंबलत हिंडलो, मेंढरांत रोग आला, रोग आला. भाव पडला. तव्हा तसलीच मेंढी स्वस्तात घेतली अन् सोयऱ्याच्या दारात नेऊन बांधली. मधला पैसा माझा.”

दोन दिवसांचं यूट्यूब मामांनी दोन मिनिटांत उरकलं होतं.

“बिलकुल!” डॉक्टरसाहेब म्हणाले. “बिलकुल हेच!”

“अन् भाव वाढला तर?” मी विचारलं.

“तर मेला तो,” मामा म्हणाले. “सोयऱ्याला मेंढी तर द्यावीच लागंल. बाजारात मागतील त्या भावात घ्या.”

इथं शेठच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हंजे आपण इकलंच न्हाई, धरून ठिवलं, तर भाव वाढंल. अन् भाव वाढला की हे मंदीवाले आपल्या पाया पडत येतील!”

मामांनी पटका सारखा केला. “पण डॉक्टरसाहेब, रोग खरंच आलेला असला तर?”

“मामा, तुम्ही गुडघ्याचं बघा,” डॉक्टरसाहेब म्हणाले. त्यावर सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो.

मामांनी मात्र तो विषय सोडला नाही. पुढच्या आठवड्यात तेल चोळून घ्यायला आले ते फोन घेऊनच. त्यांची मुलगी संभाजीनगरला नर्सिंग शिकते, तिनं अ‍ॅप टाकून दिलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, तुम्ही गणिताचे मास्तर. तुम्ही म्हणता हे बराबर हाये?”

“बराबर आहे,” मी म्हणालो. “फक्त धीर पाहिजे.”

मामांनी दोनशे शेअर घेतले. मला आठवतं, मला फार बरं वाटलं. आपल्या मागं एक माणूस आला की आपण पुढं आहोत असं वाटतं.

आता परिवार चौघांचा झाला आणि मंदीवाल्यांविरुद्ध लढाई सुरू झाली. डॉक्टरसाहेब सेनापती. पहिला हुकूम असा की अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले शेअर उसने द्यायला बंदी घाला. सोयऱ्यानं मेंढी दिलीच नाही तर हा विकेल काय? ते बटण आम्हाला अडीच दिवस सापडलं नाही. सापडलं तेव्हा कळलं की ते आधीपासूनच बंद होतं. तरी आम्ही ते एकदा चालू करून परत बंद केलं, म्हणजे आपण काहीतरी केलं असं झालं.

दुसरा हुकूम, सगळ्यांनी आपले शेअर दहापट भावानं विकायला लावून ठेवा, म्हणजे दलालाला त्यांना हात लावता येत नाही. हे शास्त्र कुठलं, ते आम्ही विचारलं नाही.

तिसरं काम माझ्याकडे आलं. अमेरिकेत शेअर बाजारावर नजर ठेवणारं सरकारी खातं आहे, त्याला तक्रार करायची. इंग्रजी अर्ज लिहायचा माझा सगळा अनुभव रजेच्या अर्जाचा. त्यामुळे सुरुवात ‘माननीय महोदय, आपणास नम्र विनंती की’ अशा थाटाच्या इंग्रजीत झाली आणि शेवट ‘आपला आज्ञाधारक’ असा. मधे शेठनी सांगितलेलं एक वाक्य घातलं, की सदर मंदीवाल्यांवर तातडीनं कारवाई न झाल्यास आम्ही लोकशाही मार्गानं आंदोलन छेडू. कुठं छेडणार, असं मी विचारलं. “लिहून तर टाका,” शेठ म्हणाले, “तहसीलला दिलेल्या सगळ्या निवेदनात असतंय.”

मेल पाठवला आणि एका मिनिटात उत्तर आलं. तुमची तक्रार मिळाली, धन्यवाद. एका मिनिटात! आमच्या पंचायत समितीत अर्जावर शिक्का पडायला चार दिवस लागतात. डॉक्टरसाहेबांनी त्या उत्तराची रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि दवाखान्यात आपल्या पदवीच्या शेजारी लावली. मशीन आपोआप असलं उत्तर पाठवतं हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. पेशंट ते वाचून डॉक्टरसाहेबांकडे आदरानं बघायचे.

भाव उतरतच होता. दवाखान्यातल्या गप्पा कमी झाल्या, फोन खिशात राहू लागले. सैन्य ढेपाळतंय हे ओळखून शेठनी उपाय काढला. “देवापुढं शपथ घेऊ. मंग कुणी फुटणार न्हाई.”

चतुर्थीला शेठच्या गाडीतून आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. रांग मोठी होती. रांगेत उभ्या-उभ्या मी फोनवर मजकूर तयार केला. शपथेचा मजकूर म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघतात. ‘भाव दहापट होईपर्यंत मी एकही शेअर विकणार नाही.’

मामा म्हणाले, “देवापुढं आकडा नका घालू सर. देव काय दलाल हाये?”

“आकडा नसेल तर शपथ मोघम होते,” मी म्हणालो.

गाभाऱ्यात पुजाऱ्यांनी घाई केली म्हणून शपथ बाहेर मंडपात झाली. चौघांनी नारळावर हात ठेवला. मी हळू आवाजात सांगत गेलो, बाकीचे म्हणत गेले. शेजारच्या एका बाईंनी नवीन जोडप्याचं काही आहे का असं विचारलं. मामांनी डोळे मिटले होते आणि ओठ स्वच्छ हलत होते. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो.

त्याच महिन्यात घरी भांडं फुटलं. सकाळी चहा घेताना बायको पेपर मोठ्यानं वाचते, ती तिची सवय आहे. तुरीच्या पिकात गांजाची झाडं लावली म्हणून कुठल्याशा गावात पोलिसांनी छापा टाकला होता. ‘मुद्देमाल’ शब्दाला माझ्या हातातला चहा सांडला.

“तुम्हाला काय झालं?”

“गरम आहे.”

तिनं पेपर खाली ठेवला. “काल धाकट्याचा फोन आल्ता कॅनडाहून. म्हणला, दाजी त्या गांजाच्या कंपनीचं लई विचारून राह्यले, त्यात पैसे बिसे घातले का? अन् मी इकडं सगळ्यांना सांगून राह्यले, आमचे हे आयुर्वेदाचा कोर्स करतेत!”

“ती औषधी वनस्पती आहे. तिला विजया म्हणतात.”

“शाळेत पोरांना शपथ द्यायच्या टायमाला विजया म्हणता का?”

मी सांडलेला चहा पुसायला फडकं आणलं. तिनं आईला सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून मी बाहेर निघालो की विचारायची, “परिवाराकडं चाल्ले का?”

मग अमेरिकेतल्या मंदीवाल्यांच्या एका टोळीनं कंपनीवर भलामोठा अहवाल काढला. त्याचा सारांश असा, की कंपनी जेवढं पीक दाखवते तेवढं पीक नाही, अर्ध्याहून जास्त पॉलीहाऊसं रिकामी पडलीत. एका संध्याकाळीत भाव निम्मा झाला. डॉक्टरसाहेबांनी ग्रुपवर लिहिलं, ‘हा अपप्रचार आहे. शत्रू घाबरला आहे.’ शेठनी तलवारीचं चित्र टाकलं. मामांनी हात जोडले. मी लिहिलं, ‘धीर धरा. इतिहास धीर धरणाऱ्यांचा असतो.’

लिहून झालं आणि मी मेव्हण्याला फोन लावला. त्याच्या गावापासून ती पॉलीहाऊसं दोन तासांवर होती. “सुट्टीच्या दिवशी एक चक्कर मार,” मी म्हणालो, “नुसतं कुंपणावरून बघ.”

बिचारा बायकापोरांना घेऊन गेला. रविवारी फोटो आला. लांबच लांब पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर, आत रांगाच्या रांगा, सगळं हिरवंगार. माझा जीव भांड्यात पडला. मग मी फोटो मोठा करून बघितला. वेलांना काकड्या लागल्या होत्या.

खाली त्यानं लिहिलं होतं, ‘दाजी, गांजा परवडत नाही म्हणून वर्षभरापूर्वीच भाजीवाल्याला भाड्यानं दिलंय म्हणे. काकडी चांगली आहे. आम्ही दोन किलो घेतल्या.’

मंदीवाले खरं बोलत होते. खोटं कंपनी बोलत होती, आणि कंपनीपेक्षा मोठ्यानं आम्ही. फोटो ग्रुपवर टाकायला हवा होता. मी बोट ठेवलंही होतं. पण मनात आलं, फोटो टाकला की बाकीचे तिघंही विकायला पळणार. मग माझं काय? आता आमच्या चौघांच्या विकण्यानं अमेरिकेचा बाजार हलणार होता असं नाही. तिथं एका क्षणात जितके शेअर फिरतात त्यात आमचे सगळे मिळून तळहातावरची धूळ. हे गणित मी नववीच्या पोरालाही समजावलं असतं. पण त्या सोमवारी संध्याकाळी, बायको आत भाकऱ्या थापत असताना, मी आधी आपले तीनशेच्या तीनशे विकले आणि मग फोटो टाकू असं ठरवलं. विकून झाल्यावर फोटो टाकणं अवघड झालं. कुणी विचारलं असतं, सर, तुम्ही काय केलं?

म्हणून मी लिहिलं, ‘मी तर हलणार नाही.’

डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, ‘मीही.’ शेठनी परत तलवार टाकली. मामांनी हात जोडले.

पुढं सहा-सात महिने ग्रुप शांत होता. मी त्या कंपनीचं नाव अ‍ॅपमध्ये पुसलं नव्हतं. फुटलेल्या दाढेच्या जागी जीभ जाते तसं अधूनमधून बघायचो. भाव पैशांवर आला होता. आणि एका सकाळी बघतो तर दहापट! आदल्या दिवसाच्या बरोब्बर दहापट. मी डोळे चोळले. आपण विकलं आणि जिंकायची वेळ आली!

ग्रुपवर आधीच धामधूम होती. शेठ, ‘विजय! विजय! मंदीवाले गाडले!’ डॉक्टरसाहेब, ‘सत्याला उशीर होतो, पराभव नसतो. दहापट!’ मग मीही मागं राहिलो नाही. दुःख गिळून लिहिलं, ‘धीराचं फळ. सर्वांचं अभिनंदन.’ शेठनी पेढे सांगितले. संध्याकाळी दवाखान्यात जमायचं ठरलं.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा टेबलावर होता. डॉक्टरसाहेबांनी मला मिठी मारली. शेठ म्हणाले, शपथ पुरी झाली, आता पुढच्या चतुर्थीला राजूरला अभिषेक करू. तिघंही फार हसत होतो आणि तिघांचेही डोळे हसत नव्हते, पण ते मला नंतर आठवलं. मामा शेवटी आले. पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. फोन माझ्यापुढं धरला.

“सर, एक सांगा. माझ्याकडं दोनशे व्हते. आज वीसच दिसून राह्यलेत. बाकीचे कुठं गेले?”

मी आकडा बघितला. खाली कंपनीची नोटीस होती. भाव फारच खाली गेला म्हणून बाजारातून काढून टाकू नये, यासाठी कंपनीनं दहा शेअरचा एक शेअर केला होता. दहापट भाव, दहावा हिस्सा नग. दहा चिल्लर नाण्यांच्या जागी एक नोट, एवढंच. कुणी जिंकलं नव्हतं, कुणी गाडलं गेलं नव्हतं.

हे ज्याच्याकडे शेअर होते त्याला त्या सकाळीच दिसलं असतं. मी डॉक्टरसाहेबांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बघत होते. शेठ पेढ्याचा कागद घडी घालत होते. कुणीही आपला फोन काढला नाही.

“तुमचे बी कमी झाले असतील ना?” मामांनी विचारलं.

गणिताच्या वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते तीन मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर एकदम आलं. मामांनी एकेकाकडे सावकाश बघितलं. मेंढराचे दात बघावे तसं. मग पेढा टेबलावर ठेवला, म्हणाले, “येतो,” आणि गेले.

पुडा बांधत शेठ म्हणाले, “खरिपाचा माल भरायचा व्हता. मी तर तव्हाच इकले.” डॉक्टरसाहेब म्हणाले, “पोरीची अ‍ॅडमिशन होती.” त्यांनी अहवाल आला त्याच संध्याकाळी विकले होते, ‘शत्रू घाबरला आहे’ असं लिहायच्या आधी. मी काकडीचं काही बोललो नाही. नुसतं म्हणालो, “मी पण.” मग शेठ म्हणाले, कागदोपत्री बघितलं तर भाव दहापट झाला, म्हणजे शपथ मोडली असं म्हणता येणार नाही. आम्ही त्यावर थोडा वेळ विचारही केला.

रविवारी मी मामांच्या वस्तीवर गेलो. ते वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, आत एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मला बघून “या सर” म्हणाले, बाज पुढं ओढली आणि घरात चहा सांगितला. काटा निघेपर्यंत मी बसून राहिलो. मग फोन काढून तो फोटो दाखवला.

मामांनी फोन लांब धरून नीट बघितलं. “काकडी हाये. चांगली लागलीय.” मग विचारलं, “हेच का आपलं गांजाचं?”

“हेच.”

“कव्हाचा फोटू?”

खोटं बोलायची सोय होती. “सहा-सात महिने झाले,” मी म्हणालो. “मी त्याच्या दुसऱ्या दिवशी विकले.”

मेंढी लंगडत कळपात गेली तिकडे मामा बघत राहिले. मला वाटलं शिव्या देतील तर बरं होईल.

“तव्हाच सांगायचं व्हतं, सर,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “मी तुम्हाला इचारून घेतल्ते. त्या अमेरिकावाल्यांना इचारून न्हाई.”

“चुकलं माझं.”

“चुकलं खरं.”

चहा आला. तो मी कसा प्यालो मला आठवत नाही. मग मामांनी आपला फोन दिला. “आता इकायचं बटण दाखवा.” मी म्हणालो, आज बाजार बंद आहे, रविवार आहे. “मंग उद्याला लावून ठिवा.” मी वीस शेअर विकायला लावले. ते करताना मी हळूच म्हणालो, “शपथेचं काय?”

“ते माझं अन् देवाचं हाये,” मामा म्हणाले. “तुमचं तुम्ही बघा. पण एक करा. तो काकडीचा फोटू सगळ्यांना धाडा. आज. माझ्यासमोर.”

मी पाठवला. खाली मेव्हण्याचा मजकूर आणि माझ्या विकण्याची तारीखही लिहिली. दोन मिनिटांत डॉक्टरसाहेबांचं उत्तर आलं, ‘काकडी पित्तशामक आहे.’ शेठनी विचारलं, ‘शेडनेट का पॉलीहाऊस? बियाणं कोणतं?’ मामांनी ते वाचून घेतलं, आणि माझ्यासमोरच ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण दाबलं. ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

ग्रुप अजून आहे. तिघंजण एकमेकांना गुड मॉर्निंग पाठवतो. शपथेचा कार्यक्रम शाळेत मीच घेतो आणि हल्ली मागच्या रांगेतल्या हसणाऱ्यांना काही म्हणत नाही. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, “मामांचे किती गेले?” माझे किती गेले ते विचारलं नाही.

नंतरच्या आषाढात आमच्या शिक्षकांची आखाड पार्टी ठरली आणि बोकड आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण “तुमच्या ओळखीचे मामा आहेत ना.” नाही कसं म्हणणार? आठवडी बाजारात गेलो. मामा बाभळीखाली चार बोकडं घेऊन बसले होते. राम राम झाला. मी एकाकडे बोट केलं, त्यांनी भाव सांगितला. भाव जास्त होता हे मलाही कळत होतं. मी खिशातून पैसे काढले आणि पुढं केले.

मामांनी हात मागं घेतला. आजूबाजूचे दोन-तीन व्यापारी आमच्याकडे बघत होते.

“सर, घासाघीस करा,” ते हळू आवाजात म्हणाले. “असं घेऊन गेले तर लोकं म्हणतील, मामानं मास्तराला फसवलं.”

मग मी घासाघीस केली. मला ती नीट जमत नव्हती, तेव्हा कुठला आकडा म्हणायचा तेही त्यांनीच सांगितलं.